मेंदूच्या अभ्यासाची वाट

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत पिंपळगांव बसवंत येथील एका विद्यार्थिनीनें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हां प्रथम संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर जीं भाषणें झालीं तीं धर्मगुरूंचीं, शिक्षकांचीं, निदान कांहीं तरी करून दाखविलेल्या माणसांचीं. मी अद्यापि बी. एस्‌सी.च्या तिसऱ्या वर्षांत आहें. जें करावयाचें तें सारें पुढेंच आहे. परंतु फादर म्हणाले, "पोंचलेल्या माणसाचें प्रवासवर्णन सगळेच ऐकतात. जो अजून वाटेंत आहे त्याचेंही एकदां ऐकूं या." त्यांच्या शब्दाला मान देऊन उभी राहिलें आहें.

मला मेंदूचा आणि मेंदूच्या विकारांचा अभ्यास करावयाचा आहे. हें मीं प्रथम घरीं सांगितलें तेव्हां आई म्हणाली, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर?" शेजारच्या मावशींनीं विचारलें, "त्याला नोकरी कुठं मिळते?" आणि आपल्यापैकींच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मोठ्या गंभीरपणें विचारलें कीं, सारें कांहीं मेंदूंतच आहे असें एकदां ठरलें, तर मग आत्म्याचें काय? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचीं उत्तरें मला सुचलीं तशीं सांगेन. परंतु तत्पूर्वीं ही वाट जेथें सुरू झाली तेथून आरंभ केला पाहिजे, आणि ती सुरू झाली आमच्या घरांतच.

माझ्या आजोबांचे धाकटे बंधु, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतों, ते समोर दुसऱ्या बाकावर बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हें बोलत आहें. चाळीस वर्षें देवळाची घंटा वाजविणारे आणि मुलांना धर्मशिक्षण देणारे नाना आपणां सर्वांस ठाऊक आहेत. पण वयाच्या तेराव्या वर्षापासून त्यांना फेंफरें येत असे, हें तरुण मंडळींपैकीं थोड्यांनाच माहीत असेल. शेतांत, शाळेंत, एकदां तर विहिरीच्या कांठावर ते कोसळले. कोसळले कीं कोणी तरी कांदा फोडून नाकाशीं धरावा. कांदा जवळ नसला तर चप्पल. आपला निफाड तालुका कांद्याचा, त्यामुळें या औषधाची टंचाई कधींच पडली नाहीं! बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्या क्षणीं ज्याच्या हातांतला कांदा नाकाशीं असेल त्याला यश मिळतें. नानांच्या आईनें नवस केले, आणि चोरून देवऋषाकडेही नेलें. त्या वेळच्या फादरांना तें कळलें तेव्हां ते रागावले नाहींत. त्यांनीं नाशिकच्या एका डॉक्टरांच्या नांवें चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीमागून आलेल्या गार्डिनालच्या गोळ्यांनीं नानांचे झटके महिन्याला चारांवरून वर्षाला दोन-तिनांवर आणले.

१९६५ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, नानांनीं धर्मगुरु व्हावयाचें ठरविलें. एका सेमिनरीकडे अर्ज केला, प्रकृतीविषयीं विचारणा झाली तेव्हां खरें तें लिहिलें, आणि नकाराचें पत्र आलें. पत्र मायेनें लिहिलेलें होतें, असें नाना आजही सांगतात. परंतु लिहिणाऱ्याचाही नाइलाज होता. १९१७ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यांत, ९८४ व्या कलमांत, ज्यांना फेंफरें येतें किंवा पूर्वीं येत होतें त्यांना याजकपदाची दीक्षा घेण्यास अपात्र ठरविलें होतें. आणि त्याच ओळींत बुद्धिभ्रष्ट व भूतबाधा झालेले यांचीही गणना होती. मिस्सा चालू असतां झटका आला आणि चषक हातांतून पडला तर काय, ही त्यामागची भीति समजण्यासारखी आहे. तरी पण एक आजार, एक वेड आणि एक सैतानाची बाधा, हीं तिन्हीं एकाच माळेंत ओंवलेलीं पाहून मला वाईट वाटलें, हें मी लपवीत नाहीं.

मौज अशी कीं, याच आजाराचा माणूस पोप झालेला आहे. नववे पायस, पूर्वींचे जोव्हान्नी मास्ताई-फेर्रेत्ती, यांना तरुणपणीं असेच झटके येत. सातवे पायस यांनीं त्यांना सवलत दिली, १८१९ सालीं त्यांना दीक्षा मिळाली, आणि मिस्सेच्या वेळीं दुसरा धर्मगुरु शेजारीं असावा एवढीच अट आरंभीं होती. पुढें १८४६ पासून १८७८ पर्यंत ते पोप होते. आणि १९८३ सालीं ख्रिस्तसभेचा जो नवा कायदा झाला त्यांतून फेंफऱ्याचा उल्लेखच वगळला गेला. हें मला महाविद्यालयांत गेल्यावर कळलें आणि एका संध्याकाळीं मीं नानांना सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "कोणत्या सालीं म्हणालीस?" मीं म्हटलें, "ऐंशी आणि तीन." ते म्हणाले, "त्या सालीं आपण घंटेचा दोर बदलला होता." एवढेंच बोलले आणि उठून गेले.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. नियम करणारे दुष्ट नव्हते, नियम मोडणारे शूर नव्हते. मध्यें एवढेंच घडलें होतें कीं, फेंफरें म्हणजे काय हें माणसाला थोडें अधिक कळलें होतें. ज्ञान थोडें लवकर आलें असतें, तर एका माणसाचें आयुष्य निराळ्या वाटेनें गेलें असतें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं मिस्सेंत संत मार्क यांच्या शुभवर्तमानांतील नवव्या अध्यायाचें वाचन झालें. एक बाप आपल्या मुलाला प्रभूकडे घेऊन येतो. मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेंस येतो, दांत खातो, अंग ताठतें. ही गोष्ट मीं लहानपणापासून ऐकलेली होती, पण त्या दिवशीं तिच्यांतील एका लहानशा वाक्याकडे माझें लक्ष गेलें. प्रभु येशू बरें करण्यापूर्वीं बापाला एक प्रश्न विचारतो: याला हें किती दिवसांपासून होत आहे? बाप सांगतो, बालपणापासून; आणि हेंही सांगतो कीं, पुष्कळदां तो विस्तवांत आणि पाण्यांत पडला आहे. सर्व जाणणाऱ्या प्रभूला हें विचारण्याची गरज काय होती, याचा विचार धर्मपंडितांनीं करावा. मला एवढेंच दिसलें कीं, आजही मेंदूविकारांचा कोणताही चांगला डॉक्टर हाच प्रश्न सर्वांआधीं विचारतो, आणि चूल व विहीर यांपासून जपा म्हणून सांगतो. शिष्यांना जें जमलें नव्हतें तेथें प्रभूनें आधीं बापाचें ऐकून घेतलें.

आतां शिक्षणाविषयीं. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेंत मला पुरेसे गुण मिळाले नाहींत. दोष माझाच होता. पदार्थविज्ञान मला कच्चें होतें, आणि अद्यापिही तें पक्कें झालें आहे असें मी म्हणणार नाहीं. वाट बंद झाली असें समजून मी गांवांतच प्राणिशास्त्र घेऊन बसलें. दुसऱ्या वर्षीं आम्हांला मज्जातंतु शिकविले गेले आणि तेव्हां एक गोष्ट घडली. माझे वडील द्राक्षबागांवर फवारणीच्या कामास जातात. त्यांच्याबरोबरचा एक गडी एके दिवशीं बागेंतच आजारी पडला: अंगाला घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या, आणि दंडांचे स्नायु आपोआप उडत आहेत. दवाखान्यांत ॲट्रोपीनचीं इंजेक्शनें देऊन त्याला वांचविलें. त्याच आठवड्यांत आमच्या वर्गांत सांगितलें गेलें कीं, मज्जातंतूच्या टोंकाशीं ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य सुटतें व त्यानें स्नायूला हुकूम मिळतो. हुकूम मिळाल्यावर तें द्रव्य ताबडतोब नाहींसें करणारें दुसरें एक द्रव्य तेथें असतें. आपल्या पुष्कळ कीटकनाशकांचें काम या दुसऱ्या द्रव्याला बांधून टाकणें हेंच आहे. मग हुकूम सुटतच राहतो, थांबत नाहीं. किड्याचा मज्जातंतु आणि माणसाचा मज्जातंतु एकाच रीतीनें चालतो, म्हणून किड्याचें विष माणसाला बाधतें. पुस्तकांतला धडा आणि बागेंत पडलेला माणूस हीं दोन्ही एकच आहेत, हें मला त्या दिवशीं कळलें. हातमोजे आणि तोंडावर फडकें यांशिवाय बाबांना मी आतां फवारणीस जाऊं देत नाहीं. ते कुरकुरतात, पण ऐकतात.

मग मीं फेंफऱ्याविषयीं वाचावयास घेतलें. आपल्याकडे चरकसंहितेंत त्याला अपस्मार म्हटलें आहे. ग्रीस देशांत त्याला पवित्र आजार म्हणत. इसवी सनापूर्वीं सुमारें चारशें वर्षें, हिपोक्रेटिसच्या नांवानें चालत आलेल्या एका ग्रंथांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, हा इतर आजारांहून अधिक पवित्र नाहीं व त्याचें मूळ मेंदूंत आहे. एवढें सांगितलेलें असूनही पुढें दोन हजारांहून अधिक वर्षें माणसें भुतांच्या मागें लागलीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं रोग्यांचे झटके बारकाईनें पाहून सांगितलें कीं, मेंदूच्या राखी भागांतून शक्तीचा अकस्मात् स्फोट होतो तो हा. १९२९ सालीं हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनीं माणसाच्या मेंदूंतील विजेचे तरंग कागदावर उमटवून प्रसिद्ध केले, तेव्हां तो स्फोट डोळ्यांना दिसूं लागला. नानांच्या गोळीचें औषध त्यापूर्वींच, १९१२ सालीं, या कामीं वापरांत आलें होतें. आज जगांत सुमारें पांच कोटि माणसांना हा आजार आहे, आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतील शंभरांपैकीं सत्तरांपर्यंत माणसें झटक्यांवांचून राहूं शकतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपचार मिळत नाहींत त्याचें कारण पुष्कळदां औषधाची किंमत नसून लाज असते. आपल्या देशांत हिंदु विवाह कायद्यांत आणि विशेष विवाह कायद्यांत फेंफऱ्याची जी आडकाठी होती ती १९९९ सालीं काढून टाकली. परंतु स्थळ पाहण्यास आलेल्या मंडळींच्या मनांतून ती अद्यापि निघालेली नाहीं, हें आपण सर्व जाणतां.

मागच्या वर्षीं मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेसनें आम्ही कांहीं विद्यार्थी बंगळूरला गेलों. तेथील निम्हान्स या संस्थेंत माणसाच्या मेंदूंचें एक संग्रहालय आहे. हातमोजे चढवून मीं एका माणसाचा मेंदू हातांत घेतला. पुरता दीड किलोही नसतो; तरी मला तो फार जड वाटला. औषधांत ठेवल्यानें तो घट्ट झालेला होता. जिवंतपणीं तो खरवसाहूनही मऊ असतो, असें तेथील मार्गदर्शकांनीं सांगितलें. दुसऱ्या एका मेंदूच्या चकतींत तांदळाच्या दाण्यांएवढे फोड दिसत होते. डुकराच्या मांसांतून येणारा पट्टकृमि ज्याच्या पोटांत असतो त्याच्या विष्ठेंतून अंडीं बाहेर पडतात, न धुतलेल्या भाजींतून वा हातांतून तीं दुसऱ्याच्या पोटांत जातात आणि मेंदूपर्यंत पोंचतात. ज्यानें जन्मांत डुकराचें मांस खाल्लें नाहीं त्यालाही यामुळें फेंफरें येऊं शकतें. कोथिंबीर धुऊन घ्या, हें आईचें जुनें वाक्य मला तेथें आठवलें.

तो मेंदू कोणाचा होता तें सांगत नाहींत. इतकें मात्र खरें कीं, कोणाच्या तरी घरच्यांनीं दुःखाच्या घटकेला होकार दिला म्हणून तो माझ्या हातांत आला. मरणोत्तर दान आपल्या धर्माला संमत आहे का, असें मला कित्येकांनीं विचारलें आहे. २००० सालच्या ऑगस्टमध्यें दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें डॉक्टरांच्या परिषदेपुढें अवयवदानाची प्रेमाचें कृत्य म्हणून वाखाणणी केली होती. आणि त्याच पोपच्या हातांचा कंप साऱ्या जगानें पाहिला. पार्किन्सनच्या रोगानें वांकलेलें आपलें शरीर त्यांनीं २००५ मधील मृत्यूपर्यंत लोकांपासून लपविलें नाहीं.

आतां ज्या एका माणसाच्या कामामुळें माझा निश्चय पक्का झाला त्याविषयीं थोडें अधिक सांगूं द्या. डॉक्टर नोशिर वाडिया हे पारशी गृहस्थ. १९२५ सालीं सुरतेस जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकले. पुढें विलायतेस जाऊन त्यांनीं डॉक्टर रसेल ब्रेन यांच्या हाताखालीं काम केलें. इंग्रजींत ब्रेन म्हणजे मेंदू; या ब्रेनसाहेबांचा विषयही मेंदू, आणि 'ब्रेन' याच नांवाच्या प्रसिद्ध मासिकाचे ते कांहीं वर्षें संपादकही होते! नांवासारखें काम मिळणें याहून अधिक तें काय असावें? १९५७ सालीं वाडिया परत आले आणि जे. जे. रुग्णालयांत त्यांनीं मज्जातंतुविकारांचा विभाग उभा केला.

त्यांच्याकडे कांहीं कुटुंबांतून असे रोगी येत कीं, ज्यांचा तोल जातो, पाय फांकतात, जीभ अडखळते, हात कांपतात. आणि हें बापाकडून मुलाकडे चालत आलेलें. अशा माणसाला रस्त्यावरचे लोक दारुडा समजतात. तोल जाण्याचे असे आजार ग्रंथांतून पूर्वींच वर्णिलेले होते. वाडियांनीं त्यांत एक गोष्ट अधिक पाहिली: या रोग्यांचे डोळे हळू चालत. आपण वाचतांना डोळे ओळीवरून घसरत जातात असें आपणांस वाटतें, पण तें खरें नव्हे. ते सेकंदाला तीन-चार उड्या मारतात, आणि प्रत्येक उडी विजेसारखी जलद असते. शेजारीं बसलेल्या माणसाचे डोळे जरा न्याहाळा म्हणजे दिसेल. या रोग्यांचे डोळे उडी न मारतां, बैलगाडी चढावर जावी तसे, या टोंकाहून त्या टोंकाकडे सरकत. १९७१ सालीं वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉक्टर स्वामी यांनीं अशा नऊ कुटुंबांचें वर्णन त्याच 'ब्रेन' मासिकांत प्रसिद्ध केलें आणि हा एक निराळा आजार आहे असें प्रतिपादन केलें.

या कामाला कोणतें मोठें यंत्र लागलें? रोग्यापुढें बसून, माझ्या या बोटाकडे पाहा, आतां त्या बोटाकडे पाहा, असें म्हणणें, आणि नंतर त्याच्या भावाला, आईला, मुलाला तेंच म्हणणें. पंचवीस वर्षांनीं, १९९६ सालीं, बाराव्या गुणसूत्रावरील दोष सांपडला. नक्कल करणारा लेखनिक एकच शब्द पुन्हां पुन्हां लिहीत बसावा तसा तेथें तीन अक्षरांचा एक शब्द वाजवीहून अधिक वेळां लिहिला जातो. निरोगी माणसांत बहुधा बावीस वेळां, रोग्यांत तेहतीस किंवा त्याहून अधिक. मुलांकडे जातां जातां तो आंकडा वाढूं शकतो, म्हणून पुढच्या पिढीला रोग कमी वयांत धरतो. वाडियांनीं नंतर आपल्याकडील सहा घराण्यांची तशी तपासणी करून १९९८ सालीं दाखवून दिलें कीं, मंद डोळ्यांची ती खूण खरी होती. १९७१ मध्येंच मुंबईंत डोळे येण्याची मोठी सांथ आली, आणि त्यानंतर कांहीं रोग्यांचे पाय लुळे पडूं लागले. हा संबंध जगापुढें मांडणाऱ्यांतही तेच होते. २०१२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें आणि २०१६ सालीं ते निवर्तले. त्या नऊ कुटुंबांचा आजार आजही बरा करतां येत नाहीं, हें सांगितलें नाहीं तर मी आपली फसवणूक केली असें होईल. परंतु त्या आजाराला नांव मिळालें. पुढील पिढीला आधीं सांगतां येऊं लागलें. आणि दारुडा हा कलंक गेला.

वाडियांविषयीं वाचल्यावर मी नानांकडे गेलें आणि विचारलें, "तुमचे झटके केव्हां केव्हां आले, कांहीं आठवतं का?" नाना आंत गेले आणि पत्र्याच्या पेटींतून जुन्या कॅलेंडरांची चवड घेऊन आले. ज्या दिवशीं झटका आला त्या तारखेवर पेन्सिलीनें एक लहानसा क्रूस. अशीं पंचेचाळीसांहून अधिक वर्षांचीं कॅलेंडरें! कोणीही न सांगतां त्यांनीं तें केलें होतें. मीं सगळे क्रूस एका वहींत उतरून घेतले, तेव्हां निम्म्याहून अधिक दोनच ठिकाणीं गोळा झालेले दिसले: नाताळच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर. आधीं आम्हांला कांहीं उमगेना. मग ध्यानांत आलें कीं, त्या दोन्ही रात्रीं नाना मध्यरात्रीच्या मिस्सेची घंटा वाजवीत, पहांटेपर्यंत जागत, आणि त्या गडबडींत गोळीही चुके. झोंप मोडणें आणि गोळी चुकणें, हीं झटक्याचीं दोन मोठीं निमित्तें आहेत. त्यांच्या हल्लींच्या डॉक्टरांना मीं ती वही दाखविली. त्यांनीं ती पुरी वाचली, गोळीची वेळ बदलली, आणि नाताळच्या दिवशीं दुपारीं झोंप घेण्याची सक्ति केली. गेल्या दोन वर्षांच्या कॅलेंडरांवर एकही क्रूस नाहीं. पूर्वीं दीक्षेला मुकलेल्या माणसाला देवाचीच घंटा आजारी पाडीत होती, हें कळल्यावर नाना इतके हंसले कीं त्यांना ठसका लागला.

आत्म्याच्या प्रश्नाकडे आतां वळतें. सतराव्या शतकांत नील्स स्टेनसेन, ज्यांना स्टेनो म्हणतात, हे डेन्मार्कमधील शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. १६६५ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, पॅरिस येथें विद्वानांच्या बैठकींत त्यांनीं मेंदूवर व्याख्यान दिलें आणि आरंभींच कबूल केलें कीं, मेंदूविषयीं आपणांस कांहींच कळत नाहीं. मोठमोठे लोक मेंदूचा नकाशा घरीं बसल्या बसल्या काढीत होते. देकार्तसारख्या तत्त्ववेत्त्यानें मेंदूंतील एक लहानशी ग्रंथि हालून सारें शरीर चालविते असें मांडलें होतें. स्टेनोंनीं चिरून दाखविलें कीं, ती ग्रंथि तशी हालूंच शकत नाहीं. हे गृहस्थ जन्मानें लुथरपंथी. १६६७ मध्यें ते कॅथोलिक झाले, पुढें धर्मगुरु, मग बिशप झाले, आणि १९८८ सालीं दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्य म्हणून घोषित केलें. यानें आत्मा सिद्ध होतो असें मी म्हणत नाहीं. इतकेंच कीं, ज्या हातानें मेंदू चिरला त्याच हातानें पुढें मिस्सा अर्पण केली, आणि त्या माणसाला दोहोंत विरोध दिसला नाहीं. माझें विचाराल, तर झटका आला असतां मी नानांना हांक मारतें आणि ते ओ देत नाहींत. दहा मिनिटांनीं डोळे उघडतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "घंटा झाली का?" मधलीं दहा मिनिटें नाना कोठें होते, हें मला ठाऊक नाहीं. तिकडे पाहावयाचेंच नाहीं असें ठरविल्यानें तें कळेल, असें मात्र मला वाटत नाहीं.

आईच्या आणि मावशींच्या प्रश्नांचीं उत्तरें थोडक्यांत. मी डॉक्टर होणार नाहीं, वेड्यांची नाहीं आणि शहाण्यांचीही नाहीं. रोगी तपासणें हें डॉक्टरांचें काम, आणि मेंदू चालतो कसा व बिघडतो कसा हें प्रयोगशाळेंत शोधणें हें आमचें. त्यासाठीं बी. एस्‌सी.नंतर प्रवेशपरीक्षा, एम्‌. एस्‌सी.चीं दोन वर्षें, आणि मग पीएच. डी.चीं पांच-सहा. हरियाणांतील मानेसर येथें केवळ मेंदूच्या संशोधनासाठीं राष्ट्रीय संस्था आहे. बंगळूर, मुंबई, पुणें येथेंही असें काम चालतें. पीएच. डी. करणाऱ्यास सरकारी विद्यावेतन मिळतें, त्यांत एकाचें पोट भरतें. पुढें नोकरी मिळेलच याची हमी मला कोणीही दिलेली नाहीं. बाबा म्हणाले, "द्राक्षाला तरी हमी कुठं असते?" आणि त्यांनीं परीक्षेचे पैसे भरले. माझी परीक्षा येत्या फेब्रुवारींत आहे. पदार्थविज्ञानासाठीं आपण सर्वांनीं प्रार्थना करावी.

माझें बोलणें लांबलें. फादरांनीं शेवटचीं दहा मिनिटें राखून ठेविलीं आहेत तीं भाषणासाठीं नव्हेत. कोणाला झटका आला तर काय करावें, हें मी प्रत्यक्ष दाखविणार आहें: माणसाला दाबून धरूं नये, तोंडांत चमचा, बोट, पाणी कांहीं घालूं नये, डोक्याखालीं मऊ घडी ठेवावी, घड्याळ पाहावें, अंगाचे आचके थांबतांच कुशीवर वळवावें, आणि पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं, तर वाट न पाहतां रुग्णालयांत न्यावें. कांदा आणि चप्पल यांना त्यांच्या त्यांच्या जागीं राहूं द्यावें. तरुण संघांतील चौघांनीं कृपा करून पुढें यावें. आडवें पडण्यासाठीं माझा भाऊ तयार होता. परंतु हें काम आपल्याहून चांगलें कोणास जमणार नाहीं, असें नानांचें म्हणणें आहे आणि ते बाकावरून उठलेही आहेत. त्यांना कोणी तरी हात द्या, आणि ती सतरंजी इकडे आणा.